आकारावरून सुटा भाग शोधणारी सेवा: सहा महिन्यांच्या वापरानंतर

सोलापुरात यंत्रमागाचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या छोट्या कारखान्यात जुन्या त्रिमितीय आराखड्यांचा ढीग साचला होता आणि फाइलींची नावे ‘गिअर नवीन’, ‘गिअर नवीन फायनल’ अशा थाटाची असल्यामुळे नावावरून काही सापडणे अशक्यच होते. म्हणून आकारावरून शोध घेणारी एक सशुल्क ऑनलाइन सेवा आम्ही घेतली.

खरी कसोटी फाइलींच्या निरनिराळ्या स्वरूपांची होती. स्टेप या स्वरूपाच्या फाइलीत पृष्ठभाग गणिती अचूकतेने नोंदलेले असतात. एसटीएलमध्ये मात्र केवळ त्रिकोणांची जाळी असते आणि आकडे मिलिमीटरचे की इंचांचे, हे एसटीएल सांगतच नाही. ही सेवा दोन्हींच्या पृष्ठभागांवर यादृच्छिक बिंदू घेते, बिंदूंच्या जोड्यांमधील अंतरांचा आलेख काढते आणि तो एका प्रमाणात आणून इतरांशी ताडून पाहते. झिजलेल्या कॅमच्या (फिरताना दुसऱ्या भागाला ठरावीक हालचाल देणाऱ्या चकतीच्या) स्कॅनवरून त्या कॅमचा मूळ स्टेप आराखडा पहिल्या पाच निकालांत आला, याचे कौतुक केलेच पाहिजे.

तक्रार एकच, पण मोठी आहे. आरशातील प्रतिमेत बिंदूंमधील अंतरे बदलत नाहीत, त्यामुळे मागाच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे ब्रॅकेट या सेवेला एकच वाटतात. आम्ही विश्वासाने उलट्या बाजूचे नग कापले आणि ते भंगारात गेले. विक्रेत्याने याची पूर्वसूचना द्यायला हवी होती. वर्गणीची मुदत आम्ही तरीही वाढवली आहे; बाजू मात्र आता कारागीरच तपासतो.