चाळीस संगणक, एकच सॉफ्टवेअर: क्लोनझिला, अँसिबल, पपेट की एलटीएसपी?

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील तीस-चाळीस लिनक्स संगणकांवर पहिल्या दिवशी सारखे सॉफ्टवेअर बसवणे फारसे अवघड नसते. सत्र संपेपर्यंत ते सारखेच ठेवणे हे खरे काम. त्यामुळे साधन निवडताना वैशिष्ट्यांच्या लांबलचक याद्या वाचण्यापेक्षा दोन प्रश्नांची उत्तरे शोधावीत, असे माझे मत आहे. बदल केला त्या दिवशी जो संगणक बंद होता, त्याचे पुढे काय होते? आणि कुणी हाताने केलेली ढवळाढवळ टिकून राहते की पुसली जाते?

तैवानमध्ये विकसित झालेल्या क्लोनझिलाचा मार्ग सर्वांत सरळ आहे. एक संगणक हवा तसा तयार करायचा, त्याच्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्यायची आणि ती इतरांवर उतरवायची. त्याची सर्व्हर आवृत्ती मल्टिकास्टने ही इमेज एकाच वेळी सर्वांना पाठवत असल्याने संगणक दहा असोत वा चाळीस, वेळेत फार मोठा फरक पडत नाही. हाताने केलेले बदल समूळ नाहीसे होतात. अर्थात विद्यार्थ्यांनी त्याच डिस्कवर ठेवलेल्या फाइलीही त्या बदलांसोबत जातात. मात्र इमेजबरोबर मूळ संगणकाचे नाव, एसएसएचच्या (दुरून सुरक्षितपणे जोडणी करण्याच्या सोयीच्या) कळा आणि मशीन-आयडी (त्या संगणकाचा स्वतःचा ओळखक्रमांक) यांचीही प्रत होते. मशीन-आयडी बदलायचा राहिला, तर लिनक्सच्या काही वितरणांत आयपी पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर दोन संगणकांना एकच पत्ता देतो आणि दोष मात्र नेटवर्कच्या तारांमध्ये शोधला जातो. शिवाय एखादे छोटेसे पॅकेज वाढवायचे झाले तरी सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते, आणि बंद राहिलेला संगणक कुणी आठवणीने इमेज उतरवेपर्यंत जुन्याच अवस्थेत राहतो.

मायकेल डीहान यांनी २०१२ मध्ये प्रकाशित केलेले आणि २०१५ पासून रेड हॅटकडे असलेले अँसिबल डिस्कची प्रत करत नाही. संगणक कोणत्या स्थितीत असावा याचे वर्णन यामल या साध्या मजकूर-स्वरूपातील फाइलीत, म्हणजे प्लेबुकमध्ये, लिहून घेते आणि एसएसएचमार्फत ती स्थिती घडवून आणते. लिनक्स संगणकांवर एसएसएच आणि पायथन असले की पुरते, वेगळा एजंट (संगणकावर चालणारा मदतनीस प्रोग्राम) बसवावा लागत नाही, आणि नीट लिहिलेले प्लेबुक कितीही वेळा चालवले तरी आधीच योग्य असलेल्या गोष्टींना हात लागत नाही. बंद संगणकाबाबत मात्र ते ‘संपर्क होत नाही’ अशी नोंद करून पुढे सरकते. त्यावर उपाय म्हणजे अँसिबल-पुल: प्रत्येक संगणकाने ठरावीक वेळी गिट या फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनातून प्लेबुक घेऊन स्वतःवरच चालवायचे. दुसरी मर्यादा अधिक फसवी आहे. प्लेबुकमध्ये जे लिहिले आहे तेवढेच ते पाहते. एखाद्या पॅकेजची ओळ काढून टाकल्याने ते पॅकेज संगणकावरून जात नाही, ‘हे नसावे’ असे स्पष्ट लिहावे लागते.

२००५ मध्ये ल्यूक कॅनीज यांनी सुरू केलेल्या पपेटमध्येही अपेक्षित स्थितीचे वर्णनच लिहायचे असते, पण प्रत्येक संगणकावरील एजंट साधारणपणे दर ३० मिनिटांनी सर्व्हरला विचारणा करतो, म्हणून बंद असलेला संगणक सुरू झाल्यावर आपोआप मार्गावर येतो. त्याची किंमत म्हणजे स्वतंत्र सर्व्हर, संगणक व सर्व्हर यांची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रांची देखभाल आणि पपेटची स्वतःची भाषा. २०२२ मध्ये ते परफोर्स या कंपनीने विकत घेतले आणि पुढे मुक्त आवृत्तीच्या धोरणात झालेल्या बदलांनंतर समुदायाने ओपनव्हॉक्स ही वेगळी शाखा काढली. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी तिकडे पाहावे. चाळीस संगणकांसाठी मला हा पसारा अनावश्यक वाटतो.

अँसिबल असो वा पपेट, आवृत्त्यांचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. ‘पॅकेज असावे’ एवढेच लिहिले तर कोणतीही आवृत्ती चालते, आणि ‘नवीनतम असावे’ लिहिले तर सोमवारी व शुक्रवारी अद्ययावत झालेले दोन संगणक वेगळे निघू शकतात. नेमका आवृत्तीक्रमांक लिहावा, तर उबुंटू या लिनक्स वितरणाच्या नेहमीच्या भांडारातून (जिथून पॅकेजेस उतरवली जातात) मधल्या आवृत्त्या काही काळाने नाहीशा होतात. म्हणून ॲप्टलीसारख्या साधनाने भांडाराचा गोठवलेला स्नॅपशॉट (ठरावीक क्षणीची प्रत) स्थानिक सर्व्हरवर ठेवावा. इंटरनेटवरचा भार कमी होतो, तो वरचा लाभ.

२०१९ मध्ये नव्याने लिहिलेल्या एलटीएसपीमध्ये सुरुवातीचे दोन्ही प्रश्न जवळपास मिटतात. सर्व संगणक नेटवर्कवरून एकाच इमेजमधून सुरू होतात, सॉफ्टवेअरमध्ये केलेले स्थानिक बदल रॅममध्ये राहून पुन्हा सुरू करताच विरून जातात, आणि विद्यार्थ्यांच्या फाइली सर्व्हरवर सुरक्षित राहतात. पण सर्व्हर किंवा मुख्य स्विच बंद पडला की भर परीक्षेत सगळी प्रयोगशाळा बंद. गिगाबिट तारजोडणी नसेल, तर या वाटेला जाऊच नये.

एकाच खोलीत उत्तम तारजोडणी आणि भरवशाचा सर्व्हर असेल, तर मी एलटीएसपी निवडेन. ते नसल्यास सत्राच्या आरंभी क्लोनझिला आणि मधल्या बदलांसाठी अँसिबल, अशी जोडी पुरेशी ठरते; मात्र मूळ संगणकही त्याच प्लेबुकने तयार करावा, नाहीतर इमेजमध्ये नेमके काय आहे हे ती बनवणाऱ्याखेरीज कुणालाच सांगता येत नाही. लॅपटॉप घेऊन बाहेर फिरणारे कर्मचारी असलेल्या कार्यालयात या दोन्ही वाटा कुचकामी आहेत. तेथे अँसिबल-पुल वापरावे, आणि संगणकांची संख्या शेकड्यांत गेल्यावरच पपेटच्या कुळातील साधनाचा विचार करावा.