चालू सप्लायवर कार्ड खोचायचं: साधा पी-चॅनेल मॉस्फेट की हॉट-स्वॅप कंट्रोलर?

१२ व्होल्टच्या चालू बॅकप्लेनवर (कार्डं खोचायच्या मूळ बोर्डवर) ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असलेलं कार्ड खोचलं, की तो रिकामा कपॅसिटर एकदम करंट ओढतो, सप्लाय बसतो आणि शेजारची कार्डं रीसेट होतात. मध्ये ट्रान्झिस्टरचा (मॉस्फेटचा) स्विच हवा, हे ठरलेलंच. प्रश्न एवढाच, की तो साध्या रेझिस्टर-कपॅसिटरने हळू चालू करायचा, की करंटवर लक्ष ठेवणाऱ्या हॉट-स्वॅप कंट्रोलर चिपने.

साधा मार्ग: आयआरएफ९५४०एन हा पी-चॅनेल मॉस्फेट (सोर्स सप्लायकडे, ड्रेन कार्डाकडे, गेट ही चालू-बंद करणारी पिन), गेट-सोर्समध्ये ४७० नॅनोफॅरड आणि ४७० किलोओहम समांतर, गेट-ड्रेनमध्ये २२ नॅनोफॅरड, गेट ते ग्राउंड १०० किलोओहम. आउटपुट साधारण ४ मिलिसेकंदांत चढतं, चार्जिंग करंट दीड अँपिअरच्या आसपास. गेट-सोर्सचा कपॅसिटर गेट-ड्रेनच्या निदान दहापट हवा. नाहीतर सोर्स उसळतो, गेट खालीच राहतं आणि खोचताक्षणी मॉस्फेट चालू होतो. सगळे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. एकदा बसवून न हलवण्याच्या कार्डाला एवढं बहुधा पुरतं.

घोडं अडतं ते दुसऱ्या खोचण्याला. पिना बसताना संपर्क क्षणभर तुटतोच. १ अँपिअरचा लोड असेल तर २ मिलिसेकंदांत आउटपुट ४ व्होल्टनी उतरतं, पण गेटचा टाइम कॉन्स्टंट (व्होल्टेज बदलायला लागणाऱ्या वेळाचं माप) ४० मिलिसेकंदांचा, म्हणून मॉस्फेट पूर्ण चालूच असतो. संपर्क पुन्हा जुळला की ४ व्होल्टच्या फरकापुढे जेमतेम पाव ओहम उरतो: १६ अँपिअर! ठिणगी उडते, पिना जळतात. रेझिस्टर बदलून हे जात नाही, कारण या सर्किटला करंट दिसतच नाही.

याच एका त्रासापायी मी एलएम५०६९ हा हॉट-स्वॅप कंट्रोलर आणि एन-चॅनेल मॉस्फेटकडे वळलो. १० मिलिओहमच्या सेन्स (करंट मोजायच्या) रेझिस्टरवर ५५ मिलिव्होल्ट, म्हणजे मर्यादा ५.५ अँपिअर, खोचणं पहिलं असो वा दहावं. अंडरव्होल्टेज (ज्याखाली सप्लाय गेला की गेट बंद, ती पातळी) १० व्होल्टला लावलं, तर वरच्या प्रसंगात गेट लगेच बंद होतं आणि चढण नव्याने सुरू होते.

अर्थात मेहनत वाढते. कंट्रोलरच्या टायमर पिनला १०० नॅनोफॅरड लावला तर खोचल्यावर सुमारे ७३ मिलिसेकंद थांबा मिळतो, पण फॉल्टची मुदतही (मर्यादेला टेकलेला करंट किती वेळ चालू द्यायचा, ती) त्याच कपॅसिटरवर, ५ मिलिसेकंदांहून कमी. चार्जिंग तेवढ्यात उरकायला हवं, म्हणून पॉवर-गुड (आउटपुट पूर्ण चढल्याचा सिग्नल) येईपर्यंत लोड बंद ठेवा. मॉस्फेट निवडताना आरडीएस-ऑनला (चालू असतानाच्या कमी रेझिस्टन्सला) भुलू नका; डेटाशीटमधला सेफ ऑपरेटिंग एरियाचा (किती व्होल्टेज आणि करंट एकत्र सोसेल, याचा) १० मिलिसेकंदांचा वक्र बघा. सेन्सचे ट्रॅक थेट रेझिस्टरच्या पॅडवरून घ्या. इनपुटला मोठा कपॅसिटर नको, एसएमबीजे१५ए टीव्हीएस (व्होल्टेजचा झटका शोषणारा डायोड) मात्र हवाच. करंट तोडताना वायरिंगचा इंडक्टन्स जो झटका देतो, तो तिथेच अडतो.

नगाचा खर्च फारच आवळायचा असेल, तर साधा मार्ग गैर नाही. पण कार्ड वापरणारा माणूस ते हलवून-हलवून बसवणार असेल, तर कंट्रोलरच घ्यावा असं मला वाटतं.