जुन्या संगणकावर प्रोसेसरची वाटणी: नाइस की सीपीयूलिमिट?

सदाशिव पेठेतल्या एका डीटीपी कार्यालयातील जुन्या लिनक्स संगणकावर स्कॅन केलेल्या पानांतून मजकूर ओळखणारा प्रोग्राम सुरू झाला, की शेजारच्या विंडोत टाइप केलेली अक्षरे उशिरा उमटतात. अशा वेळी मी आधी ‘नाइस’ ही प्रोग्रामचा अग्रक्रम ठरवणारी लिनक्स आज्ञा सुचवेन. उणे 20 ते 19 या पट्ट्यातील 19 हा आकडा दिल्यास तो प्रोग्राम इतरांना वाट देतो आणि प्रोसेसर मोकळा असताना मात्र तो पूर्ण वापरतो. तरीही फरक पडला नाही, तर ऑटोग्रुप (एका सत्रातील, उदा. एका टर्मिनल विंडोतील, प्रोग्रामचा गट करून गटागटांत प्रोसेसर वाटणारी लिनक्सची सोय) तपासावा, कारण तो चालू असताना नाइसचा परिणाम त्याच सत्रातील प्रोग्रामपुरता उरतो आणि हे सहसा लक्षात येत नाही. ‘सीपीयूलिमिट’ ही आज्ञा प्रोग्रामला थांबवत-चालवत त्याचा प्रोसेसरचा वापर ठरावीक टक्क्यांवर रोखते. संगणक तापत असेल तर ते उपयोगी आहे, पण रात्री प्रोसेसर रिकामा असला तरी ती मर्यादा सुटत नाही.