व्यसनमुक्ती केंद्र सोलापुरात, दारू तांड्यावर

माझ्या थोरल्या भावाला आम्ही सोलापुरातल्या एका खासगी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं होतं. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे आणि ती अशा सगळ्याच केंद्रांना विचार करायला लावणारी आहे. मी आमच्या बंजारा तांड्यावर अंगणवाडी चालवते. घरोघरी जाणं असतं, त्यामुळे बायका मलाच विचारतात, ताई, तुमच्या भियाला (भावाला) कुठं ठेवलं होतं, खर्च किती आला, फरक पडला का. प्रत्येकीला थोडं थोडं सांगण्यापेक्षा सगळं नीट लिहून काढते.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरोखर चांगलं होतं. तांड्यावर समजूत अशी की पिणाऱ्याला खोलीत कोंडलं, चार दिवस आरडाओरडा सहन केला की दारू सुटते. रोज पिणाऱ्या माणसाची दारू अशी एकदम तोडणं जिवावर बेतू शकतं. शेवटचा घोट गेल्यावर सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर काहींना भास होतात, माणसं ओळखू येत नाहीत. "भूतबाधा झाली" म्हणून आपण ज्यांना बाबाकडे नेतो, त्यातले कितीतरी याच अवस्थेत असतात.

केंद्रात मानसोपचार डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी तपासलं, लिव्हरच्या तपासण्या केल्या. सलाईन लावण्याआधी बी-वनचं इंजेक्शन दिलं. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात हे जीवनसत्त्व उरलेलं नसतं आणि त्याच्याआधी ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते, हे मला तिथेच कळलं. थरथर आणि फिट आवरायच्या गोळ्या रोज थोड्या थोड्या कमी करत नेल्या. रात्रपाळीच्या सिस्टर दर थोड्या तासांनी येऊन म्हणायच्या, "दादा, हात पुढं करा, बोटं ताणा." बोटं किती थरथरतात ते बघायच्या, घाम बघायच्या, आज वार कोणता ते विचारायच्या आणि वहीत लिहायच्या. पहिल्या दिवशी भियाला चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरूनही ओठापर्यंत नेता येत नव्हता, अर्धा चहा शर्टावर. त्याच आठवड्यात तो एका हाताने कप धरून माझ्याशी बोलत बसला होता. याडीने, म्हणजे आमच्या आईने, तो हात धरूनच ठेवला.

दुसरी चांगली गोष्ट, त्यांनी भियाची स्वतःची सही घेतली. त्याआधी आम्ही दुसरीकडे चौकशी केली होती. तिथले म्हणाले, पेशंटला उचलायला आमची गाडी येते, सहा महिने भेटायचं नाही, फोन नाही. मी तिथून उठले. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017चा आहे आणि दारूचं व्यसन त्यात येतं. माणूस निर्णय घ्यायच्या अवस्थेत नसेल तर त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल करता येतं, पण त्यासाठी दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं आणि ती मुदत 30 दिवसांपर्यंतच असते. पुढे ठेवायचं तर पुन्हा तपासणी, पुन्हा प्रक्रिया. साखळीने बांधायला तर कायद्याने बंदीच आहे. केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का, हे पैसे भरायच्या आधी विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथं माणूस ठेवू नका.

तिसरी गोष्ट खास बायकांसाठी. जेवणातून गुपचूप द्यायची गोळी वहिनीने मागितली होती. डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला. डायसल्फिराम नावाची ती गोळी पोटात असताना दारू घेतली तर तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, छातीत धडधडतं, बीपी खाली जातो. माणसाला माहीत असेल तर तो दारूपासून लांब राहतो. माहीत नसेल तर डाळीत कालवलेली गोळी त्याचा जीव घेऊ शकते. हे त्यांनी वहिनीला समोर बसवून, न रागावता सांगितलं.

जेवण साधं, स्वच्छ. सकाळी प्रार्थना, मग गटचर्चा.

त्या गटचर्चेपासूनच माझी तक्रार सुरू होते. समुपदेशक मनापासून बोलायचे, पण त्यांच्या डोळ्यांपुढे शहरातला पगारदार होता. दुकानावरून जाणारा रस्ता टाळा, पिणारे मित्र बदला, खिशात पैसे ठेवू नका. आमच्या तांड्यावर दुकान नाहीच. ओढ्याच्या कडेला बॅरल पुरलेले असतात, त्यात काळा गूळ आणि नवसागराचं रसायन आंबत पडलेलं असतं आणि वारा फिरला की तो वास अंगणवाडीत, पोरं खिचडी खात असतात तिथपर्यंत येतो. भिया लहानपणी भट्टीखाली जाळ घालायचा, मोठा झाल्यावर दारू भरलेल्या रबरी ट्यूबा वाहायचा. मजुरी पैशात कमी, दारूत जास्त. अशा माणसाने कोणता रस्ता बदलायचा? त्याचं काम, त्याचे भाऊबंद, त्याची उधारी, सगळं त्याच गल्लीत आहे.

डिस्चार्जनंतर दर पंधरा दिवसांनी सोलापूरला या, असं सांगितलं. म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून वर गाडीभाडं. केंद्राचे फोन सुरुवातीला आले, नंतर थांबले. एका लग्नात भिया पुन्हा प्याला. केंद्रात फोन केला तर म्हणाले, परत भरती करा, परत पैसे भरा. दारूच्या आजारात घसरण होतच असते, हे त्यांनीच शिकवलेलं. मग घसरणाऱ्याला सावरायला कुणी इथपर्यंत का येत नाही?

आपल्या जिल्ह्यात दारूबद्दल काहीच झालं नाही, असं मी म्हणणार नाही. 2021मध्ये ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ऑपरेशन परिवर्तन सुरू केलं. नुसत्या धाडी न घालता घराघरांशी बोलणं, हातभट्टीवर जगणाऱ्यांना दुसरं काम मिळवून देणं, बायकांना शिवणकाम शिकवणं, असा तो विचार होता. आमच्या बायका गुन्ह्याची हौस म्हणून भट्टी लावत नाहीत, हे कुणीतरी ओळखलं याचा मला आनंद आहे. आमच्यासारख्या विमुक्त जातींवर इंग्रजांनी मारलेला गुन्हेगारीचा शिक्का कायद्याने 1952मध्ये पुसला. सोलापूरला त्या काळची सेटलमेंट, म्हणजे अशा जातींना डांबून ठेवायची वसाहत, अजून त्याच नावाने ओळखली जाते, तेव्हा हे ओळखणं आमच्यासाठी छोटं नाही.

पण धाड आणि उपचार एकमेकांना कधी भेटत नाहीत. बॅरल फोडले त्या रात्री रोज पिणाऱ्यांचे हात थरथरणारच. धाडीसोबत डॉक्टर आणि गोळ्या का येत नाहीत? नाहीतर हे पिणारे लांबून आणलेल्या, कशात काय मिसळलंय ते माहीत नसलेल्या फुग्यांकडे, म्हणजे दारूच्या प्लास्टिक पिशव्यांकडे वळतात. मुंबईत मालवणीला 2015मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती अशीच स्वस्त दारू पिणारी होती.

गडचिरोलीत 1993पासून दारूबंदी आहे, तरी तिथे 2016मध्ये मुक्तिपथ नावाचं अभियान उभं करावं लागलं. गावाने एकत्र येऊन विक्री थांबवायची आणि पिणाऱ्यांसाठी उपचाराचं शिबिर गावातच लावायचं, अशी दोन्ही कामं ते करतात. तिथल्या अनुसूचित, म्हणजे आदिवासी क्षेत्रात 1996च्या पेसा कायद्याने दारूबाबत ग्रामसभेला अधिकारही आहे. आमचा तांडा त्या क्षेत्रात येत नाही. आम्हाला आहे तो बाटली आडवी करायच्या मतदानाचा हक्क, पण तो परवान्याच्या दुकानापुरता. हातभट्टीला परवानाच नाही, तर मतदान कशावर करायचं?

म्हणून गुण असे देते. पहिल्या दहा दिवसांच्या वैद्यकीय उपचाराला पाचपैकी पाच. माणुसकीला साडेचार. तांड्यावर परतल्यानंतरच्या मदतीला एक, तोही त्या सुरुवातीच्या फोनांसाठी. केंद्राच्या डॉक्टरांना मी हे तोंडावर सांगितलंय. महिन्यातून एकदा समाजमंदिरात बसा, जागा आणि माणसं मी गोळा करते, असंही म्हटलंय. ते नाही म्हणाले नाहीत, तारीख अजून दिलेली नाही. मी दर आठवड्याला फोन करते.

तोवर ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी: खर्च महिन्याला बारा हजार, औषधं वेगळी. एवढे पैसे नसतील तर आधी सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीला जा, भियाची औषधं आता तिथूनच सुरू आहेत. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446, फोन फुकट लागतो. आणि रोज पिणाऱ्याला फिट आली किंवा तो असंबद्ध बोलायला लागला, तर केंद्र, बाबा, कुणाचीही वाट न बघता 108ला फोन करा.