रिपेअर केलेला सेल्फ: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरून

गेल्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या पेट्रोल गाडीला नवा सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) न टाकता आहे तोच रिपेअर करून घेतला. आता नाशिकचा पाऊस आणि थंडी दोन्ही काढून झाली, तेव्हा लिहायला हरकत नाही.

दुखणं असं होतं. सकाळी गार गाडी एका चावीत सुरू. पण मुंबईहून येताना कसारा घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलो, की निघताना नुसता एक ‘टक’. अर्धा तास थांबा, मग मुकाट्याने सुरू. ज्याला विचारावं तो म्हणे बॅटरी बदला. पण बॅटरी उतरली असेल किंवा टर्मिनल ढिलं असेल तर टकटकटक असा भराभर आवाज येतो आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावतात. इथे टक एकच, आणि दिवे लख्ख.

मल्टिमीटर लावला. बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट, चावी धरून ठेवली तरी आकडा जेमतेम हलला. बॅटरी खराब असती तर तो साडेनऊच्या खाली गेला असता. इथे सेल्फ करंटच ओढत नव्हता. अर्थिंगची केबल मात्र सेल्फ फिरत असतानाच तपासावी. करंट वाहत नसेल तर केबलमधली व्होल्टेजची घट दिसणारच नाही.

मुंबई नाक्याजवळच्या वायरमन मामांनी पान्याने सेल्फच्या अंगावर दोन हलक्या टिचक्या मारल्या आणि म्हणाले, “मारा आता.” गाडी सुरू! “कार्बन संपले भाऊ.” खोललं तेव्हा कार्बन (फिरत्या भागाला करंट पोहोचवणारे ब्रश) इतके झिजलेले, की स्प्रिंगचा दाब पोहोचतच नव्हता. बुश (शाफ्टला आधार देणारे) ढिले, सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचचे) तांब्याचे कॉन्टॅक्ट खड्डे पडून काळे. गरम झाल्यावर आतल्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स वाढतो, त्यात हे सगळं, म्हणून घाटानंतरच रुसवा. आर्मेचर (आतला फिरणारा वाइंडिंगचा भाग) जळालेलं नव्हतं, म्हणून रिपेअर परवडलं. नव्याच्या चौथ्या हिश्शात काम झालं. ते जळालं असतं तर मी सरळ नवाच घेतला असता.

घाटानंतरचा त्रास पूर्ण गेला. निफाडकडे पारा घसरतो त्या दिवसांतही सेल्फ जरा जड फिरला, पण फिरला. पावसाने काही फरक पडला नाही.

तक्रार एकच, बेंडिक्सची, म्हणजे सेल्फच्या टोकाला इंजिन फिरवणाऱ्या दातेरी चाकाची. “दात चांगले आहेत, उगाच खर्च कशाला,” म्हणून मामांनी जुनाच ठेवला. दात चांगले असले तरी आतला एकतर्फी क्लच घसरू शकतो. हल्ली थंड सकाळी कधीतरी सेल्फ ‘घर्र’ करून मोकळाच फिरतो, इंजिन हलत नाही. दुसऱ्या चावीला धरतो. आमच्या गाडीत सेल्फ खालून काढावा लागतो, रॅम्पशिवाय जमत नाही. म्हणजे त्या एका पार्टसाठी मजुरी पुन्हा पहिल्यापासून. सेल्फ एकदा खाली उतरला असेल, तर कार्बन आणि बुशांबरोबर बेंडिक्सही बदलायला सांगा, मेकॅनिक नको म्हणाला तरी.