भाजीची म्हणून विकली, निघाली मासळीची पिकअप

कोपरखैरणेत माझा पाण्याच्या जारचा धंदा आहे. महापे, रबाळे एमआयडीसीतल्या ऑफिसांना 20 लिटरचे जार पोचवतो. रोजचं टेम्पोभाडं परवडेना म्हणून जुनी पिकअप बघायला घेतली आणि ठाण्यातल्या एका डीलरने व्यवस्थित टोपी घातली. तुम्ही अशी गाडी बघत असाल तर हे आधी वाचा.

"वाशी मार्केटची गाडी आहे शेठ, कांदा-बटाट्याशिवाय काही भरलेलं नाही," हे त्याचं पालुपद. चहा मागवला आणि कागद पसरले. आरसी, फिटनेस, विमा, पीयूसी सगळं चालू. एमपरिवहन या सरकारी अॅपवर बघितलं, कर्जाचा बोजा नव्हता. ई-चलनही भरलेली. कागद खरेच होते आणि माझं लक्ष तिथेच अडकावं अशी त्याची सगळी मांडणी होती. गाडी भिंतीला लावून उभी, खाली वाकायला जागाच नाही. वर "संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय" ही घाई.

शेवटी गाडी घेतली. मग जार भरून ठाणे-बेलापूर रोडने जाताना गाडी मागून डावीकडे बसली. तुर्भ्याच्या गॅरेजमध्ये मेकॅनिकने स्प्रिंगच्या पाट्या टांगतात त्या हँगरजवळ स्क्रूड्रायव्हर टेकवून जरा दाबला, तर तो आरपार गेला. आतून गंजाचे पापुद्रे गळायला लागले. तडा गेलेल्या चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, पत्र्याचा तुकडा वेल्डिंग करून वरून जाड काळा रंग फासला होता. "ही भाऊच्या धक्क्याची गाडी," मेकॅनिक म्हणाला, म्हणजे मुंबईच्या मासळी बंदरावरची. मासळीच्या पेट्यांमधून बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या फटींतून थेट चासीवर ठिबकतं आणि पोकळ भागात साचून लोखंड आतून खातं. कांदा-बटाट्याने असं होत नाही. मूळ मालकाला फोन लावला तर त्याने सरळ सांगितलं, "हो, मासळीच भरायचो. डीलरला माहीत होतं की!"

म्हणून पैसे द्यायच्या आधी गाडी वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चढवायला लावा. डीलर नाही म्हणाला तर तिथूनच राम राम करा. खाली गेल्यावर आधी रबरी बुश आणि ब्रेकचे पाइप बघा. कंपनी रबराला रंग देत नाही. त्यावरही काळा रंग उडालेला असेल तर तो काहीतरी झाकायला मारलेला असू शकतो. चासीवर हातोडी ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, कुजलेलं भद्द. हौद्यात नवीन पत्रा टाकला असेल तर एक कोपरा उचकटून घ्या. वायरिंगच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखं काही दिसलं तर गाडी खाऱ्या पाण्यातली असू शकते. चालू फिटनेसवर विसंबू नका. 8 वर्षांपर्यंतच्या गाडीला ते एकदम 2 वर्षांचं मिळतं, मधल्या काळात चासीचं काय झालं ते त्यात कळत नाही.

इंजिन थंड असतानाच चालू करायला सांगा. मी गेलो तेव्हा बॉनेट आधीच तापलेलं होतं, त्यामुळे थंड इंजिन चालू होताना त्रास देतं का ते कळलंच नाही. ऑइलचं झाकण उघडून बघा, जोरात धूर फेकत असेल तर इंजिनकाम आलंच. टायरवरचे शेवटचे 4 आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा.

आता खरी मेख. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर विकणारा म्हणून मूळ मालकाची सही होती, घेणारा म्हणून माझी. डीलरचं नाव कुठेच नव्हतं! त्याची डिलिव्हरी नोट तेवढी हातात आली आणि तिच्यावर "गाडी तपासून जशी आहे तशी घेतली" असं आधीच छापलेलं. ती ओळ खोडायला लावा, गाडीत कोणता माल वाहिला ते लिहून घ्या, शिक्का-सही घ्या आणि रक्कम बँकेतूनच द्या. माझ्याकडे निदान त्याचे "ओन्ली भाजी" असे व्हॉट्सअॅप मेसेज शिल्लक आहेत.

जाब विचारल्यावर डीलर म्हणतो, धंद्यासाठी घेतलेल्या गाडीला ग्राहक कायदा लागत नाही. साफ खोटं. स्वतःच्या रोजगारासाठी, पोट भरायला घेतलेली वस्तू 2019 च्या कायद्यात बसते. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फीसुद्धा नाही, तक्रारीची मुदत 2 वर्षांची. तक्रार ऑनलाइन टाकली आहे. नोटीस पोचल्यावर त्याचा फोन आला: गाडी परत घेतो, अर्ध्या किमतीत. मी नाही म्हटलं. पूर्ण पैसे दिले तरच गाडी मिळेल, आणि तोवर ती त्या वेल्डिंगसकट गॅरेजमध्ये उभी राहील.