सिल्क पेंटिंगला इस्त्रीचे रंग घ्यावेत की वाफेचे?

दोन्ही वापरून झालेत माझे, आधी दोनेक वर्षं इस्त्रीने पक्के होणारे पेंट, मग वाफेवर पक्के होणारे डाय, आणि दोन्हींनी पानंफुलंच रंगवली, केळ, कर्दळ, हेलिकोनिया, जास्वंद. त्यामुळे जे लिहितोय ते अशा कामापुरतं धरा, स्कार्फवर डिझाईन करणाऱ्यांचा अनुभव वेगळा असू शकतो.

इस्त्रीचे रंग सोयीचे, यात वाद नाही. रंगवलं, वाळलं, उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवली की काम झालं. उजेडात टिकायलाही साधारणपणे तेच बरे, कारण त्यात पिगमेंट, म्हणजे न विरघळणारे रंगकण, असतं आणि डाय उन्हाने लवकर विटतात. चित्र थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर लागणार असेल तर हा मुद्दा हलका घेऊ नका.

मला छळलं ते वाळलेल्या कडेने. केळीचं मोठं पान रंगवताना मधल्या शिरेजवळ लिंबू पिवळा ओला ठेवायचा आणि कडेकडून हिरवा आत ढकलत आणायचा, दोन्ही ओले असतानाच मिसळले पाहिजेत. आता 8 मॉमेचं हाबोताई (साधं गुळगुळीत रेशीम, मॉमे हे रेशमाच्या वजनाचं माप) खूपच पातळ असतं, पंख्याखाली तर मिनिटभरात वाळतं, तुम्ही ब्रश परत भरेपर्यंत हिरव्याच्या टोकाला गडद रेघ बसलेली असते. पेंटमध्ये ती रेघ बसली की बसली. पाणी लावून बघितलं, घासून बघितलं, रेघ तशीच आणि शेजारी एक फिकट ठिपका वाढलेला. अशी तीन मोठी पानं वाया गेली माझी, तिन्ही वेळा बाकीचं चित्र पूर्ण झालेलं होतं.

डाय वाफवेपर्यंत पाण्यात विरघळतो. तशीच रेघ पडली तर ब्रशला पाणी आणि थोडं अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने चोळायचं, कड सुटते, रंग पुन्हा चालायला लागतो. अगदी मागमूस राहत नाही असं नाही म्हणणार मी, पण ती पानातली एक छटा वाटते, चूक वाटत नाही. मात्र पाण्यात विरघळणारा रेझिस्ट, म्हणजे रंग पसरू नये म्हणून आखलेली बांधाची रेष, वापरला असेल तर जास्त ओलं करू नका, तोही विरघळतो आणि रंग रेषेपलीकडे जातो.

दुसरं म्हणजे पोत. पेंट त्यातल्या बाइंडरच्या, म्हणजे चिकट द्रव्याच्या, जोरावर धाग्यावर चिकटून बसतो, डाय रेशमाच्या प्रथिनालाच जाऊन धरतो, त्यामुळे कापड मऊ राहतं आणि चमक मरत नाही. पानामागून उजेड येतो तेव्हा ते जसं पेटल्यासारखं हिरवं दिसतं ना, ते मला पेंटमध्ये कधी मिळालं नाही, कदाचित माझा हात कमी पडला असेल.

वाफेची कटकट मात्र खरी आहे. साध्या, न छापलेल्या कागदात गुंडाळायचं, रेशमाला रेशीम लागू द्यायचं नाही, मग डायप्रमाणे एक ते तीन तास वाफ. झाकणाखालचा एक थेंब आत गेला तर डाग कायमचा. जास्वंदीच्या एका पाकळीवर माझ्याकडून तसा पडलाय, पै एवढा गोल, त्यानंतर गुंडाळीवर फॉइलचं छप्पर आणि झाकणाखाली जाड टॉवेल ठेवल्याशिवाय मी वाफ सुरूच करत नाही. पण वाफेतून निघालेला हिरवा आत घातलेल्यापेक्षा खोल आणि झळझळीत असतो, कागद उलगडताना ते बघायला मला अजून तितकंच आवडतं.

वाफवायची सोय नसेल, किंवा हात अजून बसायचा असेल तर पेंटनेच सुरुवात करा, बिघडत काही नाही. माझ्याकडेही त्या बाटल्या आहेत अजून, छोट्या फुलांना, बारीक कामाला काढतो. मोठं पान घेतलं की मात्र डायच.